आपला घास आपल्या हातानें

घरांतील वडील माणसाला अर्धांगाचा झटका आला, पडून खुब्याचें हाड मोडलें, किंवा संधिवातानें हाताचीं बोटें वांकडीं झालीं, म्हणजे आपल्या एकत्र कुटुंबांत पुढील गोष्टी ठरल्याप्रमाणें घडतात. पहिले कांहीं दिवस दवाखाना, औषधें आणि रात्रीचीं जागरणें यांत जातात. मग रुग्ण घरीं येतो. सून भात कालवून भरवूं लागते, मुलगा आंघोळ घालूं लागतो, नातवंडें चष्मा, पाणी, वर्तमानपत्र हातांत आणून देतात. शेजारीपाजारी म्हणतात, ‘काय भाग्यवान माणूस ! घरच्यांनीं अगदीं तळहातावर झेललें आहे.’ त्यांचें म्हणणें खोटें नसतें. परंतु सहा महिन्यांनीं त्याच माणसाकडे पाहिलें तर तें निमूट झालेलें दिसतें. तहान लागली तरी पाणी मागत नाहीं, कोणाचें काम खोळंबेल म्हणून शौचास जाण्याची वेळ लांबवितें, आणि कोणीं विचारपूस केली तर ‘आतां माझें काय राहिलें आहे’ इतकेंच उत्तर देतें. दुखण्यानें त्याचें जेवढें हिरावून नेलें, त्यांत आपल्या मायेनेंही थोडी भर घातली कीं काय, अशी शंका अशा वेळीं आमच्या मनांत येते.

ही शंका ज्यांना कधीं आली असेल, त्यांना एका शास्त्राची आणि त्या शास्त्रांत वापरल्या जाणाऱ्या साध्यासुध्या उपकरणांची ओळख करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

इंग्रजींत ज्याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, त्याला मराठींत ‘व्यवसायोपचार’ हें नांव रूढ झालें आहे. नांवावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, रुग्णाला एखादा धंदा शिकविण्याची ही विद्या असावी. तसें नाहीं. ‘व्यवसाय’ ह्या संस्कृत शब्दाचा अर्थ निश्चय, यत्न, उद्योग असा आहे; चरितार्थाचा धंदा हा त्याचा केवळ एक संकुचित अर्थ होय. सकाळीं तोंड धुणें, अंगांत सदरा घालणें, देवाला फूल वाहणें, पत्र लिहिणें, नातवाला गोष्ट सांगतां सांगतां शेंगा सोलणें, हे सर्व ह्या व्यापक अर्थानें माणसाचे व्यवसायच आहेत. मनुष्याचा दिवस ज्या कृतींनीं भरलेला असतो, त्या त्याला पुन्हा करतां याव्यात म्हणून शरीर, घर आणि साधनें या तिहींची जुळणी करून देणें हें ह्या शास्त्राचें काम.

ही विद्या संघटित स्वरूपांत आली तिला शंभर वर्षांहून थोडा अधिक काळ झाला. अमेरिकेंत न्यू यॉर्क राज्यांतील क्लिफ्टन स्प्रिंग्ज ह्या गांवीं १९१७ च्या मार्च महिन्यांत कांहीं मंडळींनीं एकत्र येऊन तिची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. ज्यांच्या घरीं ती सभा भरली ते जॉर्ज एडवर्ड बार्टन हे वैद्य नव्हते. ते घरें बांधण्याचे नकाशे काढणारे वास्तुशिल्पज्ञ होते. क्षयानें त्यांना ग्रासलें होतें आणि पुढें त्यांचें डावें अंगही लुळें पडलें होतें. म्हणजे ह्या शास्त्राच्या आरंभींच एक रुग्ण उभा आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. भारतांत हें शास्त्र रुजविण्याचा मान मुंबईकडे जातो. जन्मानें अमेरिकन आणि विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराचें देशांतील पहिलें विद्यालय सुरू केलें. १९५२ सालीं ह्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटनाही निघाली.

सहा कामें

मनुष्य स्वतंत्र आहे कीं परावलंबी, हें कशावरून ठरवावें ? अमेरिकेंतील डॉक्टर सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं ह्यासाठीं सहा कामांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते. स्नान, कपडे घालणें, शौचास जाऊन येणें, अंथरुणांतून उठून खुर्चीवर बसणें, मलमूत्रावर ताबा असणें आणि जेवणें, हीं तीं सहा कामें. त्यांच्या पाहण्यांत एक विलक्षण गोष्ट आली. दुखण्यांतून बरा होणारा वृद्ध हीं कामें साधारणपणें ज्या क्रमानें परत मिळवितो, तो क्रम लहान मूल तीं शिकतें त्या क्रमाशीं पुष्कळसा जुळतो. जेवणें आधीं येतें. स्नान आणि कपडे शेवटीं. यावरून घरच्या माणसांनीं घेण्याचा बोध असा कीं, स्नानाला मदत लागते म्हणून जेवणालाही लागते असें समजूं नये. प्रत्येक काम वेगळें तपासावें आणि जें जमतें तें रुग्णाकडेच ठेवावें.

आपण मुलाला जेवायला शिकवितों तेव्हां तें अर्धा भात खालीं सांडतें, तरी आपण त्याच्या हातून घास काढून घेत नाहीं. आजोबांनीं दोन शितें सांडलीं कीं मात्र आपण लगबगीनें चमचा हातांत घेतों. मुलाच्या बाबतींत आपण पुढच्या दिवसांवर दृष्टि ठेवतों. आजोबांना जणूं पुढचे दिवस नाहींतच असें धरून चालतों. हा न्याय बरोबर नव्हे. झटक्यानंतर दुबळा झालेला हात वापरला तर कांहीं अंशीं सुधारूं शकतो. तो अजिबात वापरला नाहीं तर त्याला वापराचा विसर पडतो, हें आतां वैद्यकशास्त्राला चांगलें ठाऊक झालें आहे.

उपकरणांमागील युक्ती

‘उपकरण’ आणि ‘उपकार’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आणि एकाच उपसर्गानें झाले आहेत. ‘उप’ म्हणजे जवळ. जवळ राहून कार्याला साहाय्य करतें तें उपकरण. काम मनुष्याचें, साहाय्य वस्तूचें, हा भेद त्या शब्दांतच आहे. व्यवसायोपचारांतील उपकरणें शेंकड्यांनीं आहेत, परंतु त्यांच्यामागील युक्ती थोड्या आहेत. त्या कळल्या तर निम्मीं उपकरणें घरच्या घरीं तयार करतां येतात.

पहिली युक्ति जाड मुठीची. बारीक दांड्याचा चमचा धरण्यासाठीं बोटें पुरतीं मिटावीं लागतात आणि सगळा दाब लहान सांध्यांवर येतो. दांडा जाड केला कीं बोटें अर्धवट मिटलीं तरी पकड बसते आणि दाब सबंध तळव्यावर विभागला जातो. चमच्याच्या, लेखणीच्या किंवा दांत घासण्याच्या ब्रशाच्या दांड्याला मऊ कापडाची पट्टी गुंडाळून वर दोरा बांधला, अथवा वातानुकूल यंत्राच्या नळीवर घालतात तसली फोमची नळी त्यावर चढविली, तरी काम होतें. अमेरिकेंत सॅम फार्बर नांवाच्या गृहस्थांच्या पत्नीला संधिवातामुळें फळाचीं सालें काढण्याचें साधन धरवेना; त्यावरून जाड, मऊ मुठीचीं स्वयंपाकघरांतील हत्यारें तयार करवून त्यांनीं १९९० सालीं तीं बाजारांत आणलीं. तीं निरोगी माणसांनाही इतकीं आवडलीं कीं, मुळांत तीं दुखऱ्या हातांसाठीं निघालीं याचा लोकांना विसर पडला.

दुसरी युक्ति लांब दांड्याची. खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर कांहीं आठवडे फार वांकूं नये असें शस्त्रवैद्य पुष्कळदां सांगतात. अशा माणसाला जोडा चढविण्यासाठीं लांब दांड्याचें शू-हॉर्न, पाठीला व पायांना साबण लावण्यासाठीं लांब दांड्याचा ब्रश आणि खालीं पडलेली वस्तु उचलण्यासाठीं लांब चिमटा दिला, तर दिवसांतून वीस वेळां कोणाला हांक मारावी लागत नाहीं. ज्याचा खांदा आंखडला आहे त्याला लांब दांड्याचा कंगवा तसाच उपयोगी पडतो.

तिसरी युक्ति तरफेची. ती शाळेंत आपण सर्वच शिकलों आहोंत. गोल नळ पिळून उघडण्यास मनगट आणि बोटें यांचा जोर लागतो. लांब दांडीचा नळ तळहाताच्या कडेनें किंवा कोंपरानेंही ढकलतां येतो. दाराची गोल मूठ काढून आडवी दांडी बसवावी. किल्लीच्या डोक्याला लांकडाची लहान पट्टी जोडावी. संधिवात असलेल्यांनीं एक नियम कायमचा लक्षांत ठेवावा : जें काम मोठ्या सांध्यानें होईल तें लहान सांध्याला सांगूं नये. भांडें बोटांनीं कडेला धरून उचलण्यापेक्षां दोन्ही तळहात त्याखालीं घालून उचलावें. पिशवी बोटांत अडकविण्यापेक्षां कोंपरावर किंवा खांद्यावर घ्यावी.

चवथी युक्ति स्थिर बैठकीची. एका हातानें काम करतांना अडचण त्या हाताची नसते. दुसरा हात वस्तु घट्ट धरून ठेवीत असे, तो आतां नाहीं ही खरी अडचण. म्हणून वस्तूच जागच्या जागीं घट्ट बसविली पाहिजे. ताटाखालीं ओला, पिळलेला पंचा घातला तर ताट सरकत नाहीं. ताटाची कड उभी असली तर घास तिच्यावर अडून चमच्यांत येतो. भाजी चिरण्याच्या पाटावर गंज न चढणारे दोन खिळे वर टोंकें करून बसविले कीं, बटाटा त्यांत रोवून एका हातानें चिरतां येतो. आपल्या विळीमागील कल्पना हीच आहे : पातें पायाखालीं स्थिर, हात मोकळे. सुरीनें कापणारीं राष्ट्रें दुसऱ्या वाटेनें ह्याच ठिकाणीं पोंचलीं. इंग्रजांचा आरमारी सेनापति नेल्सन याचा उजवा हात १७९७ सालीं टेनेरीफच्या लढाईंत गेला. त्यानंतर तो कांटा आणि सुरी एकत्र असलेलें हत्यार जेवतांना वापरीत असे. पाळण्यासारखी डुलणारी गोलाकार पात्याची सुरी आजही एका हाताच्या माणसासाठीं मिळते.

ज्यांची पकड अगदींच गेली आहे त्यांच्यासाठीं तळहाताभोंवतीं बसणारा पट्टा असतो. त्याच्या खिशांत चमचा किंवा लेखणी खोंचली कीं मूठ न वळतांही काम चालतें. कपड्यांच्या गुंड्या लावणें ज्यांना जमत नाहीं, त्यांना चिकटपट्टीचे बंद वरदान ठरले आहेत. ज्याला आपण वेल्क्रो म्हणतों, ती पट्टी स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल ह्या यंत्रज्ञाला सुचली ती रानांतून फिरून आल्यावर आपल्या कुत्र्याच्या अंगाला चिकटलेलीं कांटेरी बोंडें पाहून. १९५५ सालीं तिचें पेटंट झालें.

आपल्या घरच्या चालीरीती

हीं उपकरणें पुष्कळशीं परदेशांत निघालीं, म्हणून तीं जशींच्या तशीं आपल्या घरीं आणून चालत नाहींत. तेथील मनुष्य खुर्चीवर बसून कांट्याचमच्यानें जेवतो. आपण कित्येक घरीं अजून पाटावर बसून हातानें जेवतों, खालीं बसून पूजा करतों आणि उकिडवें बसून शौचविधि करतों. ही अडचण ओळखून केलेल्या कामाचें उत्तम उदाहरण म्हणजे जयपूरचा पाय. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं असा कृत्रिम पाय सिद्ध केला कीं, तो लावून अनवाणी चालतां यावें, मांडी घालतां यावी, उकिडवें बसतां यावें. परदेशी पाय जोडा घालून चालणाऱ्यासाठीं होता. हा शेतांत आणि देवळांत जाणाऱ्यासाठीं झाला.

तीच दृष्टि आपण घरांत ठेवली पाहिजे. न्हाणींत बसण्यासाठीं पाटाऐवजीं रबरी पायांचें उंच, भक्कम स्टूल ठेवावें. तांब्याऐवजीं दांड्याचें हलकें भांडें द्यावें. ज्यांना उकिडवें बसतां येत नाहीं त्यांच्यासाठीं भोंक असलेली खुर्ची शौचकूपावर ठेवतां येते. पूजेसाठीं देव्हारा उंच चौरंगावर मांडावा, म्हणजे आजोबांना खुर्चीवर बसून पूजा करतां येईल. बैठक उंच झाल्यानें भक्ति उणी होत नाहीं. मात्र पूजा हातची गेल्यानें वृद्धाचा दिवस रिकामा होतो.

आणखी दोन चालींविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. उजवें अंग गेलेल्या माणसाला डाव्या हातानें जेवावें लागतें. आपल्याकडे त्याविषयीं मनांत किल्मिष असतें आणि खुद्द त्या माणसालाच तें सर्वांत अधिक असतें. म्हणून तो चारचौघांच्या पंक्तीला बसेनासा होतो. घरांतील कर्त्या माणसानें ह्या बाबतींत पुढाकार घेऊन त्याचें पान पंक्तींतच मांडावें आणि त्याविषयीं कोणीं ब्र काढूं नये. दुसरी चाल भांड्याला ओंठ न लावतां वरून पाणी पिण्याची. झटक्यानंतर ज्यांच्या गिळण्यांत दोष राहिला आहे त्यांना ती धोक्याची आहे, कारण मान मागें केली कीं पाणी श्वासनलिकेंत उतरण्याचा संभव वाढतो. त्यांच्यासाठीं नाकाच्या बाजूनें कड कापलेला पेला मिळतो. त्यानें मान न उचलतां शेवटचा घोट घेतां येतो. जेवतांना अथवा पाणी पितांना ठसका लागत असेल तर मात्र आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, मग पेला.

कपड्यांसंबंधीं एक सूत्र सांगून ठेवतों. अर्धांगाच्या रुग्णानें सदरा घालतांना दुबळा हात आधीं बाहींत घालावा आणि काढतांना तो शेवटीं काढावा. वृद्ध स्त्रियांसाठीं निऱ्या शिवलेलें पातळ आणि पुढून बंद होणारी चोळी करून घ्यावी. ज्यांची दृष्टि मंद झाली आहे त्यांना पांढऱ्या ताटांतील पांढरा भात दिसत नाहीं. गडद रंगाचें ताट हेंच त्यांचें उपकरण.

वस्तु पेटींत कां पडून राहते ?

इतकें वाचून एखादा उत्साही चिरंजीव उद्यांच दहापांच वस्तु मागवील. त्याला आम्ही थोडें थांबावयास सांगूं. अमेरिकेंत फिलिप्स व झाओ ह्या दोन संशोधकांनीं १९९३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. अशीं साधनें मिळालेल्या २२७ प्रौढ व्यक्तींना त्यांनीं विचारलें, तेव्हां त्यांतील २९.३ टक्के साधनें टाकून दिलेलीं आढळलीं. टाकण्याचीं जीं मुख्य कारणें दिसलीं त्यांत एक असें होतें कीं, साधन निवडतांना वापरणाराचें मत कोणीं विचारांत घेतलें नव्हतें.

आमच्या परिचयाच्या एका घरीं असेंच झालें. आजींचीं बोटें संधिवातानें आंखडलीं होतीं. मुलानें परदेशांतून जाड मुठीचे चमचे, सुऱ्या, डबे उघडण्याचें यंत्र असें पुष्कळ कांहीं आणलें. सारें पेटींत पडून राहिलें. आजी हातानेंच जेवीत आणि स्वयंपाक सुनेकडे गेलेला होता. त्यांना त्यांतील कशाचीच गरज नव्हती. शेवटीं नातीनें विचारलें, ‘आजी, तुला स्वतःला काय करतां यावेंसें वाटतें ?’ तेव्हां कळलें कीं, पहांटे स्नान झाल्यावर करंड्याचें घट्ट झांकण उघडत नाहीं, आणि कुंकू लावून घेण्यासाठीं निजलेल्या सुनेला हांक मारावी लागते, हेंच त्यांचें दुःख होतें. सुतारानें सैल झांकणाचा, वर मोठी लांकडी गोटी बसविलेला करंडा करून दिला. तेवढ्यानें काम झालें.

सेवेला आपण ‘शुश्रूषा’ म्हणतों. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणें. त्याच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द झाला. ज्याची सेवा करावयाची त्याचें आधीं ऐकावें, असा सबंध उपदेश पूर्वजांनीं एका शब्दांत भरून ठेवला आहे. उपकरण आणण्यापूर्वीं रुग्णाला विचारावें : कोणतें काम तुम्हांला स्वतः करावेंसें वाटतें ? कोठें अडतें ? कोणतें काम दुसऱ्यानें केलें तरी मनाला लागत नाहीं ? ह्या शेवटच्या प्रश्नालाही महत्त्व आहे. सगळेंच स्वतः केलें पाहिजे असा हट्ट नको. स्नानांत सारी शक्ति खर्चून दिवसभर पडून राहण्यापेक्षां स्नानाला मदत घेऊन दुपारीं चार पानें वाचणें एखाद्याला अधिक मोलाचें वाटेल. तो निवाडा त्याचा आहे.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी

वर सांगितलेल्या युक्त्या घरीं करण्याजोग्या असल्या तरी, पडण्याचा धोका जेथें आहे तेथें तज्ज्ञ माणसाचाच सल्ला घ्यावा. न्हाणींत धरावयाची दांडी भिंतींत पक्की बसविलेली हवी; टॉवेलची दांडी शरीराचा भार घेण्यासाठीं नसते, ती हातांत निघून येते. काठीची उंची, हात सैल सोडला असतां मनगटाच्या वळीपर्यंत यावी. ती दुबळ्या पायाच्या विरुद्ध हातांत धरावी. तिच्या टोंकाचें रबर झिजलें कीं बदलावें. वाटेंतील सुटी सतरंजी काढावी आणि न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर रात्रीं दिवा असावा. थरथरणाऱ्या हाताला जड चमचा कोणाला मानवतो, कोणाला मानवत नाहीं. वापरून पाहिल्याशिवाय विकत घेऊं नये. आणखी एक गोष्ट अशी कीं, सुधारूं शकणाऱ्या हाताला फार लौकर उपकरण दिलें तर त्याचा सराव बुडतो. कोणत्या वेळीं सराव आणि कोणत्या वेळीं साधन, हें व्यवसायोपचारतज्ज्ञच सांगूं शकतो. शक्य असल्यास त्याला एकदां घरीं आणून जिना, न्हाणी आणि स्वयंपाकघर दाखवावें.

असे तज्ज्ञ मोठ्या सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत असतात. मुंबईंत हाजी अलीजवळ १९५५ सालीं स्थापन झालेली केंद्र सरकारची पुनर्वसन संस्थाही आहे. अपंगांना साधनें देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीं २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली आहे. आपल्या घराला तिची गरज नसेल. परंतु घरीं कामाला येणाऱ्या बाईच्या वृद्ध आईला असूं शकेल. तिला एवढी माहिती सांगणें आणि अर्ज भरून देणें हें शिकलेल्या घरांचें कर्तव्यच आहे.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें वडील माणूस असेल, त्यांनीं आज रात्रींच्या जेवणापासून आरंभ करावा. ताटाखालीं ओला पंचा घालावा, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळावें, आणि आपण हात मागें घेऊन बसावें. जेवण संपावयास पाऊण तास लागेल, चार शितें खालीं सांडतील. तीं मागाहून उचलतां येतील. जेवणाऱ्याला घाई करूं नये, आणि त्याच्याकडे टक लावून पाहूंही नये. नेहमींप्रमाणें त्याच्याशीं बोलत बसावें.